थोडक्यात नको

२२ ऑगस्ट १९७९, बुधवार
बो बासें

नवी वही. मराठी मंडळाच्या रविवारच्या वर्गात मी मुलांना मराठी शिकवते, आणि आठवडाभर ऑफिसात-बाजारात इथली क्रिओल बोलीच बोलते. मग रविवारी फळ्यावर लिहिताना वेलांट्या चुकतात आणि मुलं हसतात. सासूबाई म्हणाल्या, "इंद्राणी, चार ओळी लिवत जा, हात वळंल." म्हणून ही वही. रोज जमणार नाही, ते आत्ताच लिहून ठेवते.

नोकरीला आज महिना झाला. युरोपातल्या एका फंडाचं इथं मॉरिशसमध्ये छोटं ऑफिस आहे, बाजाराजवळ कापडाच्या दुकानाच्या वर. ज्यांच्यावर अन्याय झाला, ज्यांची जमीन गेली, अशा लोकांच्या संघटनांना हा फंड मदत करतो. साहेब हॉलंडचे, मिस्ये (म्हणजे श्रीयुत) हेंड्रिक. भले गृहस्थ आहेत. त्यांना क्रिओल येत नाही, म्हणून मी.

आज पोर लुईच्या कडेला रोश ब्वा वस्तीत गेलो. पत्र्याच्या खोल्या, मधे एक मोठं अंगण, एकच नळ. तिथे झिल्वा राहतात, म्हणजे चागोस बेटांवरचे लोक. पिढ्यान् पिढ्या तिथल्या नारळाच्या मळ्यांत राहिले. मग अमेरिकेला लष्करी तळ हवा झाला, आणि इंग्रज सरकारने सगळ्यांना जहाजात घालून इथे आणून सोडलं. शेवटचं जहाज येऊन सहा वर्षं झाली.

बायांची पुढारी सिदोनी. पन्नाशीची, उंच, डोक्याला घट्ट रुमाल. साहेबांनी विचारलं, तुम्हाला काय हवं आहे? ती चांगली पाच मिनिटं बोलली. सालोमों बेट, तिथलं चर्च, आईची कबर, जहाजाच्या तळात घोडे आणि माणसं एकत्र, आणि परत जायचंय, परत जायचंय. मी साहेबांना म्हटलं, "त्यांना उत्पन्नाचं साधन हवं आहे." त्यांनी लिहून घेतलं. सहा शिलाई मशीनं द्यायची ठरलं.

सिदोनी सारखी माझ्याकडे बघत होती. माझी साडी आवडली असावी.

१७ सप्टेंबर, सोमवार

गणपतीच्या गडबडीत वही राहिली. विसर्जनाला यंदा समुद्र खवळलेला होता, पण पार पडलं.

मशीनं पोचली. सहापैकी दोन चालतात, चार झाकलेली. बिघाड काही नाही. बाया दिवसभर लोकांच्या घरी कपडे धुतात, संध्याकाळी येतात तेव्हा पाठ सरळ होत नाही. मी सिदोनीला जरा समजावलं, शिस्त हवी. ती म्हणाली, "मशीन चांगलं आहे, मादाम बिरो." बिरो म्हणजे ऑफिस. माझं हेच नाव पडलं आहे तिथे.

बेटावर ती काय करायची ते विचारलं. नारळ सोलायची, रोज हजारावर. वेग कमी झाला तर नवरा मासे घेऊन येईपर्यंत काम संपत नसे, म्हणून वेग कमी होऊ द्यायचा नाही. "आणि संध्याकाळी अंगणात बसायचं," ती म्हणाली. "अंगणात कुणी येऊन सांगत नव्हतं की शिस्त हवी." बाकीच्या बाया हसल्या. मीही हसले.

एर्नेस्तीन म्हणून एक तरुण बाई आहे, कडेवर दीड वर्षाची मुलगी. मुलीची छाती सारखी भरते. मी विचारलं, तुझी आई असते का मदतीला? ती म्हणाली, आई इथे आली त्याच वर्षी साग्रेंने गेली. साग्रें म्हणजे दुःख, पण या बाया ते एखाद्या आजाराचं नाव घ्यावं तसं घेतात. मी अहवालात लिहिलं: वस्तीत आरोग्याविषयी अज्ञान आहे.

७ नोव्हेंबर, बुधवार

मोठा दिवस. लंडनहून एक वकील आले आहेत. झिल्वांना भरपाई मिळणार! त्यांच्याजवळ छापील कागद, पाच पानी, सगळा इंग्रजीत. क्रिओल सांगणारं माणूस हवं होतं, म्हणून मिस्ये हेंड्रिकनी मला दिवसभरासाठी दिलं.

वकील सभ्य होते. उकाड्याने बिचारे लालबुंद झाले होते. मी विचारलं, सगळा कागद वाचून दाखवू? त्यांनी रांगेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, थोडक्यात सांगा.

मी थोडक्यात सांगितलं. सरकार पैसे देतंय, त्यासाठी अंगठा. बाया एकेक करून येत गेल्या. शाईचं पॅड मीच धरलं होतं. सिदोनीने पानं उलटून पाहिली. तिला वाचता येत नाही.

"एवढंच लिहिलंय? पानं तर पाच आहेत."

"इंग्रज लोक सगळं लांबवून लिहितात," मी म्हटलं.

सगळे हसले. तिनेही अंगठा दिला. एर्नेस्तीनने तर माझा हात धरला, म्हणाली आता मुलीला खाजगी डॉक्टरकडे नेते.

इतक्या लोकांच्या उपयोगी पडण्याचा दिवस आयुष्यात वारंवार येत नाही. बोटांची शाई लिंबाने घासली तरी गेली नाही.

१० नोव्हेंबर, शनिवार

वकिलांनी अंगठा न घेतलेला एक छापील कागद मला दिला होता. सकाळी स्वयंपाकघरात टेबलावर पडला होता. सासूबाई डाळ निवडत होत्या. म्हणाल्या, "काय लिवलंय त्यात, वाच की." त्यांना इंग्रजी येत नाही, आणि वकिली फ्रेंच-इंग्रजी शब्द क्रिओलमध्ये जसेच्या तसे खपवता येतात तसे मराठीत खपत नाहीत. प्रत्येक वाक्याशी थांबावं लागलं. तीन पानं झाली. चौथ्यावर मी अडखळले. मला वाटलं माझंच इंग्रजी कच्चं आहे. शब्दकोश काढला.

त्यात असं आहे की हे पैसे घेणारा माणूस आपले सगळे दावे सोडतो, आणि तो किंवा त्याची मुलंबाळं त्या बेटांवर परत जाण्याचा हक्क पुन्हा कधीही सांगणार नाहीत.

सासूबाईंचे हात थांबले. "म्हणजे परत जायाचं नाय, असं त्यांनीच लिवून दिलं?"

"हो."

"आन् तू त्यांना हे सांगितलं व्हतंस?"

मी उठून चुलीवरचं भांडं ढवळायला गेले. भांड्यात नुसतं पाणी होतं.

११ नोव्हेंबर, रविवार

वर्गात शुद्धलेखन घालताना मीच एक ओळ गाळली. चंद्रावतीच्या मुलीने हात वर करून सांगितलं.

१२ नोव्हेंबर, सोमवार

मिस्ये हेंड्रिकना कागद दाखवला. त्यांनी चौथं पान दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

मी म्हटलं, "सर, मला परत जाऊन सगळं वाचून दाखवायला हवं."

ते म्हणाले, फंडाच्या विश्वस्तांना राजकारण चालत नाही. ऑफिसची माणसं वकिलाच्या कामात पडली असं कुणी कळवलं तर रोश ब्वाचं कामच बंद होईल. मशीनं, मुलांना मिळणारं दूध, सगळं. त्यांचा आवाज अगदी हळू होता.

मी विचारलं, "मग मी काय करू?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मिसेस इंद्राणी, रविवारी ऑफिस बंद असतं. रविवारी तुम्ही कुठे जाता हे मी कधी विचारलेलं नाही."

मी इतकं गंभीर बोलत होते, आणि हे सुट्टीचं काय घेऊन बसले!

१४ नोव्हेंबर, बुधवार

ह्यांना सांगितलं. (प्रेमचंद. नाव लिहायला अजून लाज वाटते.) हे मोकाला सरकारी ऑफिसात कारकून आहेत, दोन वर्षांपासून बढती अडली आहे. बायको इंग्रज सरकारच्या कागदाविरुद्ध वस्तीत बोलली असं कुणी वर कळवलं तर? मी हे सगळं स्वतःच बोलून दाखवलं. त्यांनी भात संपवला, हात धुतले आणि रेडिओ लावला.  रागावले आहेत हे उघड आहे.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

कागद क्रिओलमध्ये उतरवते आहे. क्रिओल कोण लिहितं? कानाला येतं तसं रोमन अक्षरांत लिहिते. पाच पानांची अकरा झाली. झिल्वांच्या तीन वस्त्या आहेत, प्रत्येकीत दोन-तीन प्रती तरी हव्यात. हाताने कधी होणार?

हे मोकाहून आले तेव्हा पिशवीत कार्बन पेपरचा आख्खा पुडा. माझ्या टेबलावर ठेवला. मी म्हटलं, हे ऑफिसातून का आणलंत? म्हणाले, "वापरून झालेले आहेत, फेकायचेच होते." कोरे करकरीत होते. यांचं काही कळत नाही. उपयोग झाला मात्र.

१८ नोव्हेंबर, रविवार

सगळं क्रमाने लिहिते, नाही तर विसरेन.

वर्गाला सुट्टी दिली. सकाळच्या बसने रोश ब्वाला निघाले. हे म्हणाले, मलाही पोर लुईला काम आहे. रविवारी पोर लुईला कसलं काम! बसमधे शेजारी बसले आणि वस्तीच्या तोंडाशी टपरीवर चहा घेत थांबले.

चर्च सुटल्यावर बाया अंगणात जमल्या. बाकीच्या वस्त्यांतूनही काही आल्या. पुरुष भिंतीला टेकून उभे. आधी कागद वाचायचा आणि मग माझी चूक सांगायची, असं मी ठरवून गेले होते. उभी राहिले आणि उलटंच झालं.

मी म्हटलं, "त्या बुधवारी मी तुम्हाला या कागदात काय आहे ते सांगितलं. ते सगळं नव्हतं. मी स्वतःच पूर्ण वाचलं नव्हतं. आज शेवटपर्यंत वाचते. वाचून झाल्यावर मला काय बोलायचं ते बोला."

आणि वाचलं. अकरा पानं. कंटाळवाणी पानंसुद्धा. लहान मुलं रडत होती, नळावर एक बाई बादली भरत होती, तिला कुणीतरी म्हणालं नळ बंद कर. त्या कलमाशी आले तेव्हा अडखळले. पाणी प्यायले आणि परत पहिल्यापासून ते वाक्य वाचलं.

 एक म्हातारी आपला अंगठा बघत राहिली, मग झग्याला पुसायला लागली. शाई तर केव्हाच गेलेली होती.

सिदोनी उठली. मला वाटलं आता ती मला बोलणार. ती अगदी साधेपणाने म्हणाली, "जहाजाच्या कप्तानानंही आम्हाला थोडक्यात सांगितलं होतं. म्हणाला, बेट बंद झालंय. चार शब्द. मॅनेजरनं थोडक्यात सांगितलं. इथं उतरल्यावर सरकारी माणसानं थोडक्यात सांगितलं. मादाम बिरो, आम्हाला वेळ भरपूर आहे. आम्हाला कधीच थोडक्यात नको होतं."

मी म्हटलं, "मला माफ करा."

"ते नंतर बघू. ते मधलं पान परत वाच, मुलांच्या आवाजात ऐकू आलं नाही."

दुसऱ्यांदा पूर्ण वाचलं. मग बोलणं सुरू झालं, आणि ते सोपं नव्हतं. अर्ध्या बाया म्हणाल्या अंगठे परत घ्यायचे. एर्नेस्तीन मुलीला घेऊन थेट माझ्यापुढे आली. "बेट मलाही हवं. पण हिची छाती आज वाजतेय. तू त्या बुधवारी खोटं बोललीस तेव्हा माझ्याकडे औषध होतं. आज खरं बोललीस तर नाही." तिचं काय चुकलं?  

शेवटी हात वर करून मोजले. अंगठे परत घ्यायचे ठरले. एर्नेस्तीनने हात वर केला नाही, पण बहुमत तिने मान्य केलं.

परत येताना बसमधे हे म्हणाले, "टपरीवरून ऐकू येत होतं. दुसऱ्यांदा वाचलंस ते जास्त चांगलं होतं."

२१ नोव्हेंबर, बुधवार

काल सगळ्या जणी मिळून वकिलांकडे गेल्या. मी गेले नाही, ऑफिस होतं. सिदोनीने क्रिओल प्रत त्यांच्यापुढे ठेवली आणि मी खूण करून दिलेल्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे तुमच्या कागदात आहे की नाही? तिथल्या एका कारकुनाने ते इंग्रजीत सांगितलं म्हणे. मग वकील म्हणाले, लोकांना माहीत नाही हे मला माहीत नव्हतं. ते कागद पुढे जाणार नाहीत असं त्यांनी सांगितलं.

म्हणजे भरपाईही नाही.

३ डिसेंबर, सोमवार

एर्नेस्तीनची मुलगी इस्पितळात. मी भेटायला गेले. एर्नेस्तीनने पाठ फिरवली. मी पेज आणली होती, ती खाटेखाली ठेवून आले. बाहेर व्हरांड्यात बसून विचार केला, मी हे कुणासाठी केलं? त्यांच्यासाठी, की बोटाची शाई जावी म्हणून? ठरवता आलं नाही. मराठीत हे लिहितेय, निदान रोश ब्वातलं कुणी वाचणार नाही.

१० डिसेंबर, सोमवार

मुलगी घरी आली! श्वास मोकळा आहे. सिदोनीने निरोप पाठवला: पेजेचं भांडं घेऊन जा.

२६ डिसेंबर, बुधवार

वादळ येऊन गेलं. आमचं घर सिमेंटचं, फक्त खिडकीची काच गेली आणि अंगणातलं पपईचं झाड आडवं झालं. रोश ब्वाचे पत्रे मात्र उडाले. लोक शाळेत राहताहेत.

मंडळाच्या बायकांनी मंदिरात स्वयंपाक केला, पुष्पावतीबाईंनी मोठी पातेली दिली, आणि सासूबाईंनी हट्ट केला की मी पण येणार. शाळेच्या व्हरांड्यात त्या सिदोनीच्या शेजारी बसल्या. सासूबाईंचं क्रिओल मोडकं, त्यात मराठी मिसळलेली, पण दोघींचं छान चाललं होतं. मी वाढता वाढता ऐकत होते.

सिदोनीने विचारलं, "तुमचे लोक पण जहाजानंच आले ना? परत जावंसं वाटत नाही?"

सासूबाई म्हणाल्या, "माझा आजा कोकणातनं आला, उसात राबला. त्याला परत जाता आलं असतं. नाय गेला. इथंच लगीन केलं, इथंच मेला. पण त्यानं ठरवलं. दार लावून घेतलं नव्हतं कुणी."

सिदोनी हसली. "बस. मला तेवढंच हवंय. दार. मग मी जाईन की नाही, ते मी बघेन."

मी फ्लाककडच्या ऊसवाल्यांच्या गावात वाढले. आम्ही परत गेलो नाही, तर यांनाही एक दिवस विसर पडेल, असं मी आजवर मनातल्या मनात धरून चालले होते. वहीत कुठे लिहिलं नव्हतं, कारण ते मला ठाऊकच नव्हतं.

१४ जानेवारी १९८०, सोमवार

मिस्ये हेंड्रिकना वर्षाचा अहवाल पाठवायचा आहे. मी कच्चा मसुदा लिहून दिला, मशीनं किती, बाया किती. त्यांनी तो बाजूला सारला. म्हणाले, "या वेळी त्यांनाच लिहू द्या. जे सांगतील ते, जसं सांगतील तसं."

म्हणून आज अंगणात बसून सिदोनीने सांगितलं आणि मी लिहिलं. नवे पत्रे अजून आलेले नाहीत, वर निळं प्लॅस्टिक. मधेमधे बायांच्या नव्या समितीतल्या बाकीच्या तिला दुरुस्त करत होत्या. पत्रातला एक भाग इथे उतरवते:

"तुमची मशीनं आम्ही जपून ठेवली आहेत. तुम्ही चांगले लोक आहात. पण तुम्ही विचारलं, काय हवं, आणि उत्तर ऐकायच्या आधी मशीनं आणली. आम्ही त्या बेटांची माणसं आहोत. आमच्या आधी तिथे दुसरं कुणी नव्हतं. तुम्हाला आम्हाला मदत करायची असेल तर आमच्या मागे चाला. पुढे चालू नका, तुम्हाला रस्ता माहीत नाही."

मी म्हटलं, शेवटचं वाक्य जरा सौम्य करू का? नऊ-दहा जणींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. तसंच ठेवलं.

इंग्रजी प्रत मिस्ये हेंड्रिकनी वाचली, पाकिटात घातली. मग स्वतः जाऊन टपालात टाकून आले.

७ मार्च, शुक्रवार

उत्तर आलं! मी पाकीट घेऊन धावत बस पकडली. अंगणात सगळ्या जमल्या. मी पहिलं वाक्य वाचायला तोंड उघडलं तोच एर्नेस्तीन म्हणाली, "शेवटचं पान आधी."

मी शेवटचं पान आधी वाचलं. सही होती, आणि सहीच्या वर एवढंच की फंड जो पैसा देईल तो कसा वापरायचा ते बायांच्या समितीनेच ठरवावं, फंडाची काही अट नाही.

"त्याच्या मागे काय आहे?"

"कोरं आहे."

"दाखव."

मी पान उलटून दाखवलं. एर्नेस्तीनने उजेडात धरून पाहिलं, मग मान हलवली. "आता पहिल्यापासून वाच." इस्पितळानंतर ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

विश्वस्तांत बरीच भांडणं झाली असं मिस्ये हेंड्रिक म्हणाले. दोघांनी राजीनामे दिले. आणि पैसा सरळ समितीकडे जाणार म्हणजे मधल्या ऑफिसची गरज उरत नाही. मेअखेर बो बासेंचं ऑफिस बंद. हे सांगताना ते हसत होते. मला हसू आलं नाही. मला माझी नोकरी आवडत होती.

२० एप्रिल, रविवार

समितीची सभा. पैशाचं काय करायचं? मला खात्री होती, आधी पत्रे, मग दवाखाना. मी तसं बोललेही. शांतपणे ऐकून घेतलं.

मग सिदोनी म्हणाली, पत्रे सरकार देतंय, उशिरा का होईना. पण लंडनमध्ये जाऊन आमच्या तोंडाने आमचं कुणीच सांगितलेलं नाही. फंडवाल्यांची जूनमध्ये तिकडे सभा आहे, त्यांनी एक पाहुणा बोलावलाय. दोघी जाऊ. सभेत बोलू, आणि मग सरकारी दारंही वाजवू.

मला वेडेपणा वाटला. एवढा पैसा दोन तिकिटांत! हात वर झाले. सगळे. सिदोनी जाणार, आणि दुसरी एर्नेस्तीन, "कारण ती कुणावर विश्वास ठेवत नाही."

मी स्वेटरचा विचार करत होते. दुभाषी लागणारच, म्हणजे मी. सिदोनी म्हणाली, "तिथे आपली एक नर्स आहे, क्रिओल बोलणारी. ती सोबत राहील. इंद्राणी, तू इथेच राहा."

मनाला लागलं, खोटं कशाला लिहू. चेहऱ्यावर दिसलं असणार, कारण ती उठून माझ्याजवळ येऊन बसली.

"तुला शिक्षा नाही ही. आम्हाला वाचायला शिकव. रोज संध्याकाळी, मशीनच्या टेबलांवर. समिती पगार देईल, ऑफिसपेक्षा कमी. तुला जमेल का, ते तू ठरव."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. पगार सांगितल्यावर मी थांबले. हे म्हणाले, "पाट्या किती लागतील?"

२८ मे, बुधवार
प्लेझान्स विमानतळावरून आल्यावर

अख्खी वस्ती आली होती, भाड्याच्या दोन बस भरून. गाणी, रडणं, कुणी मीठ लावलेले मासे बांधून आणलेले. एर्नेस्तीनची मुलगी सासूबाईंच्या कडेवर होती, त्यांच्या कानातलं ओढत. सिदोनीने मंडळाच्या चंद्रमोहनांच्या बायकोचा लोकरी कोट घातला होता, इथल्या उन्हात! काढायला तयार नव्हती.

विमानात जायच्या आधी एक कार्ड भरायचं असतं. सिदोनीचं मी भरायला घेतलं. नाव, पासपोर्टचा नंबर, जन्मस्थान. भराभर लिहीत गेले.

"तिथे काय लिहिलंस?" तिने विचारलं. पाच आठवडे अक्षरं शिकतेय, आणि बोट बरोबर त्याच ओळीवर.

"जन्मस्थान. मॉरिशस."

"माझा जन्म तिथे झाला नाही."

"अगं, पासपोर्टात तसंच आहे. दोन्हीकडे वेगळं दिसलं तर उगाच अडवतील. विमान जाईल."

"मग अडवू दे. जहाजात चढवताना मला कुणी काही विचारलं नव्हतं. आज विचारताहेत, तर खरं सांगते."

इतके महिने झाले, आणि माझा हात अजून सोयीचं तेच लिहितो. मी खोडलं आणि सालोमों लिहिलं. तिने ते अक्षर अक्षर करून वाचलं आणि कार्ड घेऊन स्वतः पुढे गेली.

मी कठड्याबाहेरून बघत होते. खिडकीतल्या अधिकाऱ्याने कार्ड पाहिलं, पासपोर्ट पाहिला, परत कार्ड. तरुण होता, आमच्यातलाच, मराठी वाटला, कुणा गोवर्धन-देवराजांच्या घरचा.

"हे कुठे आलं?" त्याने विचारलं.

"उत्तरेला. जहाजाने सहा दिवस."

"सहा दिवस?"

"येताना सहा लागले," सिदोनी म्हणाली. "जाताना किती लागतील, तेच विचारायला चाललेय."

मागे रांग खोळंबली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, आणि शिक्का मारला.

मग एर्नेस्तीनची पाळी. तिने कुणाला हात लावू दिला नव्हता, कार्ड स्वतः भरलं होतं, मोठ्या वाकड्या अक्षरांत. जन्मस्थानापुढे तिचं बेट: पेरोस बान्योस. मधलं एक अक्षर राहून गेलं होतं. मला दिसलं होतं, पण मी काही बोलले नाही.

अधिकाऱ्याने कार्ड जवळ धरलं, क्षणभर ओठ हलवले आणि मोठ्याने म्हणाला, "पेरोस बान्योस."

त्याला वाचता आलं.